'पेशंटला न सांगता दारू सोडवा': त्या पुडीत काय असतं आणि शरीरात काय होतं

एसटी स्टँडच्या मुतारीची भिंत, लोकलच्या दरवाजाजवळचा पत्रा आणि आता फोनवरचे अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ. जाहिरात तीच असते. 'पेशंटला न सांगता दारू सोडवा. चव नाही, वास नाही. भाजीत, वरणात, चहात मिसळा. शंभर टक्के गॅरंटी.' खाली मोबाईल नंबर. गटारीच्या आसपास आणि थर्टी फर्स्टनंतर अशा जाहिरातींकडे जरा जास्तच डोळे वळतात, कारण घराघरांत तेव्हाच तमाशा झालेला असतो.

हा नंबर फिरवणारी बहुतेक वेळा बायको असते, नाहीतर आई. तिने आण घालून पाहिलेली असते, पगार काढून घेतलेला असतो, माहेरी जाऊन राहिलेली असते, देवाला नवस बोललेला असतो. पुडी हा तिचा शेवटचा उपाय. म्हणून 'असल्या भूलथापांना बळी पडू नका' एवढं सांगून हात झटकणं मला पटत नाही. ती पुडी का नको, हे तिला कळेल अशा शब्दांत सांगायला हवं, आणि त्यासाठी दारू पोटात गेल्यावर काय होतं तिथपासून सुरुवात करावी लागते.

एका क्वार्टरमध्ये दारू किती?

व्हिस्की किंवा रमची क्वार्टर हातात घेऊन लेबल वाचा. बारीक अक्षरांत ४२.८ टक्के असं छापलेलं दिसेल. बाटली १८० मिलीची. म्हणजे तिच्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे ७७ मिली, वजनात साधारण ६१ ग्रॅम. आपल्याकडे डॉक्टर १० ग्रॅम अल्कोहोल म्हणजे एक 'ड्रिंक' धरतात. ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे बरोबर एक ड्रिंक, आणि क्वार्टर म्हणजे सहा.

आता 'मी दारू नाही पीत, फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांचा हिशेब. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली ६५० मिलीची, तिच्यात आठ टक्के अल्कोहोल. गुणाकार केला की सुमारे ४१ ग्रॅम येतात. एका बाटलीत चार पेग. दोन बाटल्या रिचवणाऱ्याने क्वार्टरवाल्याला मागे टाकलेलं असतं, फक्त त्याला तसं कुणी सांगितलेलं नसतं.

यकृत हे सगळं तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या वेगाने निस्तरतं. हा वेग वाढवायचा काही उपाय नाही. लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, काळी कॉफी, ओकारी काढणं यांनी माणूस जागा होईल, पण रक्तातली दारू कमी होत नाही. रात्री अकराला एका बैठकीत संपवलेली क्वार्टर उतरायला पहाटेचे पाच ते सकाळचे आठ वाजतात. सहाच्या पहिल्या पाळीला गाडीवर बसणारा ड्रायव्हर 'मी काल रात्री घेतली होती' असं खरंच सांगत असतो, आणि तरीही त्याच्या रक्तात ती असू शकते.

यकृताच्या दोन पायऱ्या आणि मधलं विष

यकृत दारूचा निकाल दोन पायऱ्यांत लावतं. पहिल्या पायरीला तिच्यातून ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन तयार होतं. दुसऱ्या पायरीला त्याचं रूपांतर व्हिनेगरमध्ये असतं तशा निरुपद्रवी आम्लात होतं. मधलं ॲसिटाल्डिहाइड विषारी आहे. एरवी ते फार वेळ टिकत नाही, दुसरी पायरी ते लगेच उचलते. पण जितका वेळ ते असतं तितका वेळ पेशींमधल्या डीएनएची मोडतोड करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दारूला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ मध्येच घातलं आहे. याच गटात तंबाखूही आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, एवढ्या ठिकाणच्या कर्करोगांशी तिचा संबंध लागलेला आहे.

'रोज थोडी घेतली तर हृदयाला चांगली' हे वाक्य अजून पार्ट्यांमध्ये फिरतं. त्याच संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. थोडी घेणाऱ्याचा धोका थोडा आणि जास्त घेणाऱ्याचा जास्त, एवढाच फरक. औषध म्हणून घ्यावी असं तिच्यात काही नाही.

त्या पुडीत असतं तरी काय?

पुडीच्या वेष्टनावर घटक क्वचितच लिहिलेले असतात, आणि लिहिले असले तरी ते खरे असतीलच याची खात्री नाही. काहींमध्ये नुसता पाला कुटलेला असेल. पैसे गेले, एवढ्यावर भागलं म्हणायचं. डॉक्टरांना धास्ती असते ती डायसल्फिराम या औषधाची. ते पुडीत असू शकतं, आणि कधी घरचे लोक ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून त्याच्या गोळ्याच आणतात. पांढरी भुकटी, वास नाही, चव जवळजवळ नाही. कणकेत मळली, वरणात मिसळली तरी खाणाऱ्याला पत्ता लागत नाही.

या औषधाची जन्मकथा रबराच्या कारखान्यातली आहे. रबर टणक करायला जी रसायनं वापरत, त्यांच्याजवळ काम करणाऱ्या मजुरांना दारू सोसेनाशी झाली होती. घोटभर घेतली तरी चेहरा लाल, छातीत धडधड. पुढे १९४० च्या दशकात कोपनहेगनमधले एरिक याकोबसेन आणि येन्स हाल्ड हे दोन संशोधक हेच रसायन जंतांवरचं औषध म्हणून तपासत होते. आधी स्वतः गोळ्या घेऊन पाहाव्यात, म्हणून त्यांनी त्या घेतल्या, आणि नंतर दारू घेतल्यावर दोघांचीही तशीच गत झाली. जंतांचं औषध बाजूला राहिलं आणि दारूवरचं औषध हाती आलं.

डायसल्फिराम यकृताची दुसरी पायरी अडवतं. पहिली चालूच राहते. त्यामुळे ॲसिटाल्डिहाइड रक्तात साचत जातं. दारू घेतल्यावर दहा ते तीस मिनिटांत चेहरा-मान लालबुंद होते, डोकं ठणकतं, उलट्या सुरू होतात, श्वास लागतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. कुणी माहितीने हे औषध घेत असेल तर याचा उपयोग होतो. सकाळी बायकोसमोर गोळी घेतली की आज प्यायचं नाही हे त्याचं त्यानेच ठरवलेलं असतं. संध्याकाळी मित्रांनी कितीही गळ घातली, तरी गोळी आड येते. या औषधाची ताकद माणसाला ते माहीत असण्यातच आहे.

न सांगता दिली तर काय बिघडलं?

तो संध्याकाळी सातला दोन पेग लावून घरी येतो. जेवणात गोळी असते. शेवटच्या घोटापासून निदान बारा तास गेल्याशिवाय ही गोळी द्यायची नसते, आणि इथे तर दोनच झालेले असतात. किंवा तो आज कोरडाच आलेला असतो, जेवतो आणि दहा वाजता 'जरा पान खाऊन येतो' म्हणून बाहेर पडतो. अर्ध्या तासात तो नाक्यावर घामाघूम होऊन खाली बसतो. छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. मित्र त्याला हार्ट ॲटॅक समजून दवाखान्यात नेतात. डॉक्टर विचारतात, काही औषध घेतोस का? तो नाही म्हणतो, आणि ते त्याच्या माहितीप्रमाणे खरं असतं. बायको बाजूला उभी असते, सासू-सासऱ्यांसमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. ज्याला हृदयविकार, फिट्स किंवा खराब झालेलं यकृत आहे, त्याच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत ठळक इशारा असतो: दारू चढलेल्या अवस्थेत, किंवा रुग्णाला पूर्ण कल्पना दिल्याशिवाय, हे औषध कधीही देऊ नये. जाहिरातवाला नेमकं याच्या उलट विकतो.

तो वाचला तरी पुढचं आहेच. जेवणातून काही घातलं जातंय हा संशय अशा माणसाला आधीच असतो. दारूच्या आजारात संशय वाढतो. तो खरा निघाला की तिच्या हातचं जेवण तो सोडतो, आणि मार तिलाच खावा लागतो.

अशी पुडी आधीच चालू असेल तर आजच थांबवा. पण थांबवली म्हणून धोका लगेच संपत नाही, डायसल्फिरामचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. या काळात दारू असलेली खोकल्याची औषधंसुद्धा त्रास देऊ शकतात. वेष्टन फेकू नका. वरच्यासारखी लक्षणं दिसली तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगा. लाज वाटेल, पण त्या दहा मिनिटांत उपचार कशाचे करायचे हे त्यावर ठरतं.

आणि समजा पुडी लागू पडली, तर?

आता दुसरा धोका, ज्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पुडीने म्हणा, देवापुढच्या शपथेने म्हणा, घरात कोंडून म्हणा, वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस एका दिवसात बंद झाला. घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात. तिसऱ्या रात्री तो अंथरुणावर बसून अंगावरच्या मुंग्या झटकू लागतो. मुंग्या नसतात.

मेंदूत एक यंत्रणा पेशींना शांत करते आणि दुसरी त्यांना चेतवते. दारू शांत करणाऱ्या बाजूला जोर देते, म्हणून पहिल्या पेगला बरं वाटतं. रस्सीखेचीत एका संघाला बाहेरून दांडगे गडी येऊन मिळावेत, तसं. रोज असंच होऊ लागलं की मेंदू गप्प बसत नाही, तोल राखायला तो विरुद्ध बाजूचे गडी वाढवत जातो. म्हणून तेवढ्याच नशेला आधी दोन पेग पुरत, तिथे पुढे क्वार्टर लागते. दोन्हीकडून जीव खाऊन ओढ चालू असते, दोरी मात्र जागची हलत नाही, आणि बाहेरून माणूस 'घेतो पण शुद्धीत असतो' असा दिसतो. एके दिवशी दारूने दोरी अचानक सोडली, की समोरच्या फौजफाट्याला अडवणारं कुणी उरत नाही. चेतवणारी बाजू मोकाट सुटते.

याला डॉक्टर विथड्रॉल म्हणतात. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, झोप उडते. सकाळी उठल्याबरोबर 'उतारा' म्हणून जो घोट घेतात तो याच्यासाठी, मजा म्हणून नाही. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. आधी कधीही न आलेली. दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात काहींना भ्रम होतो. डॉक्टर त्याला 'डीटी' म्हणतात. दिवस-रात्र कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांचे आवाज येतात, ताप चढतो. रिक्षावाला हवेत हँडल फिरवतो, शिंपी नसलेल्या सुईत नसलेला दोरा ओवतो. गावात याला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेतात आणि त्यात मोलाचे तास जातात. उपचार मिळाले तर बहुतेक जण यातून बाहेर येतात. न मिळाले तर माणूस दगावू शकतो. दारू अचानक तोडल्याने मृत्यू येऊ शकतो हे अनेकांना पटत नाही, कारण गांजा किंवा तंबाखू सोडताना असं होत नाही.

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकानांना एका रात्रीत टाळी लागली तेव्हा हे सगळं एकदम उघड्यावर आलं. केरळात तर सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला. डॉक्टरांनी विरोध केला आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत एप्रिल २०२१ मध्ये दुकानं बंद असताना सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा जीव गेला. 'काही दिवस कळ काढता येत नव्हती का?' असं तेव्हा बरेच जण म्हणाले. रोज पिणाऱ्याच्या मेंदूत काय चाललेलं असतं ते माहीत असतं, तर हा प्रश्न पडला नसता.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती आपल्याकडे फार घडते. असा माणूस गळून गेला की घरचे म्हणतात, 'डॉक्टर, एक सलाईन लावा, तरतरी येईल.' सलाईनच्या बाटलीत पुष्कळदा ग्लुकोज असतं. खूप दिवस पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा खडखडाट असतो, आणि ग्लुकोज वापरायला शरीराला तेच लागतं. आधी बी-१ न देता ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. तोल जातो, डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून सलाईन लावणाऱ्याला 'हा रोज पितो' हे आधी सांगायचं.

'पण आमचा माणूस अख्खा श्रावण पाळतो!'

हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकतो, आणि तो पार चुकीचाही नाही. महिनाभर थेंब न घेता ज्याचे हात कापत नाहीत, त्याच्या शरीराला दारूची तशी गरज लागलेली नाही. पण गटारीला पोटभर, श्रावणात शून्य आणि गणपती गेले की पुन्हा दर शनिवारी पडेपर्यंत, असं ज्याचं वर्ष जातं त्याचं काय? त्याचं यकृत वर्षाची सरासरी काढत बसत नाही. गाडी ठोकायला, भांडणात डोकं फुटायला, पगार उडायला एक रात्र पुरते. डॉक्टर दोन गोष्टी वेगळ्या धरतात. एक, घातक पिणं, म्हणजे पिण्यामुळे तब्येत, घर किंवा काम बिघडू लागलेलं. दुसरं, अवलंबित्व, म्हणजे शरीर आणि मन दारूशिवाय चालेनासं झालेलं. पहिल्याचं दुसरं व्हायला वर्षं लागतात, आणि सोडायला सोपा काळ तोच असतो.

ओळखायला जगभर वापरले जाणारे चार साधे प्रश्न आहेत. कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कुणी पिण्यावरून बोललं की चिडायला होतं का? पिण्याबद्दल मनाला खंत वाटते का? सकाळी उठल्यावर अंग सरळ व्हायला घेता का? दोन किंवा जास्त उत्तरं 'हो' आली तर डॉक्टरांना भेटा. शेवटच्याचं एकट्याचं उत्तर 'हो' असेल, तर सोडण्याची तयारी घरच्या घरी करू नका.

असे लोक आहेत तरी किती?

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयाच्या लोकांपैकी १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६. याचा अर्थ देशातले बरेचसे पुरुष पीतच नाहीत. 'आजकाल कोण पीत नाही?' या सवालाचं उत्तर 'बहुतेक जण' असं आहे. पण जे पितात त्यांच्यातल्या सुमारे पाचांपैकी एकाला अवलंबित्व आहे. घातक पिणारे आणि अवलंबित्व असलेले मिळून ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. गांजा-भांगेचे सुमारे ३ कोटी आणि हेरॉइन, अफू वगैरेंचे सव्वादोन कोटी वापरकर्ते त्याच पाहणीत निघाले. बातम्यांमध्ये एमडी ड्रग्जचा साठा पकडला की आठवडाभर चर्चा होते, आणि व्हायलाही हवी. पण आकड्यांनी सर्वांत मोठं व्यसन कायदेशीर दुकानात मिळतं.

त्या अहवालातला एक आकडा मला बाकी सगळ्यांपेक्षा बोचतो. दारूचं अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसलेतरी उपचार मिळाले होते. उरलेल्या ३७ घरांतून कुणीतरी भिंतीवरचा नंबर फिरवत असणार.

'माळ घातली की सुटते, हा सगळा इच्छाशक्तीचा खेळ आहे'

माळ घालून दारू सुटलेली माणसं प्रत्येक गावात आहेत आणि ती खरी आहेत. पण त्यांचं काय झालं ते नीट बघा. नुसता निश्चय केला नाही, त्यांची संध्याकाळच बदलली. गुत्त्यावरची मंडळी सुटली, भजनी मंडळ आलं. हरिपाठाची वेळ आली, एकादशी आली, आषाढीची वारी आली. पितो म्हणून हिणवणारं गाव 'माळकरी' म्हणून मान देऊ लागलं. व्यसनमुक्ती केंद्रातही याहून फार वेगळं काही शिकवत नाहीत. ज्याचं शरीर फार गुंतलेलं नव्हतं त्याला एवढं पुरतं. ज्याला उताऱ्याशिवाय उठता येत नाही, त्याने माळ जरूर घालावी, पण पहिले आठ दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढावेत. हृदयविकाराच्या माणसाला आपण 'इच्छाशक्ती वापर' म्हणत नाही. व्यसनाचा निम्म्याच्या आसपास धोका आनुवंशिक असतो, म्हणजे दोन मित्र बरोबरीने सुरू करतात आणि एकच अडकतो, तो दुसऱ्यापेक्षा नालायक असतो म्हणून नव्हे.

तरी एक कबूल करायला हवं. 'आजार आहे' म्हटलं म्हणजे बायकोला मारायचा परवाना मिळत नाही. आजारावर उपचार आणि मारहाणीवर पोलीस, दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

'मग सरकारने बंदीच का घालू नये?'

महाराष्ट्रात हा प्रयोग झालेला आहे. गांधीजींचा जिल्हा म्हणून वर्ध्यात १९७५ पासून बंदी आहे. गडचिरोलीत लोकांच्या मोठ्या चळवळीनंतर १९९३ मध्ये आली. चंद्रपुरात एप्रिल २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बाकी गावांतून बायका मतदान घेऊन दुकान बंद पाडू शकतात. 'उभी बाटली की आडवी बाटली', आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीला मत दिलं की दुकानाला कुलूप.

माझं मत विचाराल तर दुकान लांब गेलं की नव्याने पिणारा कमी होतो, आणि घरातल्या बाईला बोलायला बळ येतं. गडचिरोलीत बंदीच्या जोडीला गावोगावचं काम आणि उपचारही उभे केले, म्हणून तिथली गोष्ट वेगळी. नुसता कागदावरचा हुकूम आला की आधीपासून अडकलेला माणूस हातभट्टीकडे वळतो. आणि हातभट्टीत, किंवा स्वस्तात विकल्या जाणाऱ्या भेसळीत, मिथेनॉल असू शकतं. २००४ मध्ये विक्रोळीत ऐंशीहून जास्त, आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं अशा दारूने मेली, आणि दोन्ही ठिकाणी तर बंदीही नव्हती. मिथेनॉल स्वतः फार विषारी नसतं. यकृताची तीच यंत्रणा त्याच्यापासून फॉर्मिक आम्ल बनवते, आणि ते डोळ्यांची नस जाळतं. हे व्हायला काही तास लागतात, त्यामुळे प्यायलेला माणूस घरी येऊन झोपतो आणि सकाळी 'धुकं दिसतंय' म्हणतो. असं कुणी म्हणालं तर नशा उतरण्याची वाट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलात न्यावं.

मग घरच्यांनी करायचं काय?

पहिला टप्पा शरीराचा. पाच ते दहा दिवस, झेपेल तर हॉस्पिटलात. रस्सीखेचीतला समोरचा संघ हळूहळू खाली बसावा म्हणून शामक औषधं देतात आणि रोज थोडी थोडी कमी करतात, सोबत बी-१ ची इंजेक्शनं. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभागात हे होतं. दुसरा टप्पा महिन्यांचा: ओढ कमी करणारी नॅलट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेटसारखी औषधं, माणूस स्वतः राजी असेल तर डायसल्फिरामही, आणि समुपदेशन. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलं, तेव्हा शहरात ब्राउन शुगरची, म्हणजे गर्दची, साथ आली होती. आज तिथे दारूचे रुग्णही येतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मराठीतही भरतात, फी नसते, आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी त्यांच्या धर्तीवर अल-ॲनॉन आहे.

केंद्र निवडताना एक खबरदारी. 'आम्ही गाडी पाठवून उचलून नेतो, तुम्ही फक्त पत्ता द्या' असं कुणी म्हणालं तर तिथे आपलं माणूस देऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे रुग्णही येतात. त्यांना मारता येत नाही, साखळीने बांधून ठेवता येत नाही, आणि केंद्राची नोंदणी लागते. नोंदणीचा कागद दाखवा म्हणा. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर किती वेळा येतात तेही विचारा.

पुन्हा घसरणं या आजारात होतंच. सहा महिने कोरडा राहिलेला माणूस एका लग्नात घेतो आणि घरचे म्हणतात, सगळे पैसे पाण्यात गेले. मधुमेहाची साखर पुन्हा वाढली तर आपण डॉक्टर बदलतो किंवा गोळी बदलतो. उपचार वाया गेले म्हणत नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, की सहा महिन्यांनी पुन्हा सुरू करणाऱ्याला जुनं प्रमाण सोसत नाही, म्हणून पहिली रात्र त्याला एकटं झोपू देऊ नये.

तो यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या गेलात तरी चालतं. पहिली भेट घरच्यांची असणं डॉक्टरांना नवीन नाही. त्याआधी फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ हे दोन मोफत नंबर आहेत. टेलिमानसवर रात्रंदिवस आणि मराठीत बोलता येतं. फोन करण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: रोज किती घेतो, बाटलीच्या मापात, शेवटची कधी घेतली, पूर्वी बंद केली तेव्हा फिट किंवा भास झाले होते का, बीपी, शुगर, फिट्सची औषधं चालू आहेत का, आणि जेवणातून काही दिलं असेल, तर काय आणि कधीपासून.